ठिपक्यांमागचा मासा

मला अक्षरं दोन दोन दिसायची, आणि बरीच वर्षं मी धरून चालले होते की ती सगळ्यांनाच तशी दिसतात. पुस्तक उघडलं की पहिल्या काही ओळी सरळ असायच्या. मग त्या एकमेकींवर सरकायला लागायच्या, एका 'क'च्या शेजारी दुसरा फिकट 'क' येऊन उभा राहायचा, आणि दोन्ही भुवयांच्या मधे कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायला लागायचं. मी पुस्तक मिटायचे. घरात याला 'सुजाताला अभ्यासाचा कंटाळा आहे' असं म्हणत, आणि मीही तेच खरं मानलं होतं. दहावी कशीबशी निघाली. अकरावीत पुस्तकं जाड झाली, अक्षरं बारीक झाली, आणि माझं डोकं रोज दुखायला लागलं.

भिवंडीत आमचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. भिंतीच्या अलीकडे आमची मोरी, पलीकडे माग. दिवसरात्र खडखड, खडखड. हंड्यातल्या पाण्यावर बारीक लाटा उठत, फडताळातल्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून वाजत राहत. त्या आवाजात वाढल्यामुळे आम्ही सगळेच ओरडून बोलतो. लग्न होऊन मी दुसऱ्या गावी गेले तेव्हा सासूबाईंना वाटलं, ही सून भांडकुदळ आहे. माझ्या मुलीला अजूनही मी फोनवर बोलताना लाज वाटते. पण शुक्रवारी माग बंद असत, आणि त्या दिवशी वाटायचं की घराला कोणीतरी मऊ कापडात गुंडाळून ठेवलंय. पलीकडच्या मशिदीतली अजान, शेजारच्या खातूनखालांच्या कोंबड्या, आईच्या हातातल्या भाकरीचा थपथप आवाज, सगळं वेगवेगळं ऐकू यायचं. शुक्रवारी सुकट बाबा करायचे. कांदा, वांगं, हिरवी मिरची आणि वरून चिंचेचा कोळ. आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, "एक दिवस करतात आणि सहा दिवस सांगतात."

बाबा त्याच कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून पुन्हा चालू करायचं काम. कापसाचा भुगा त्यांच्या केसांत, कानांत, शर्टाच्या खिशात असायचा. आई त्यांना दारातच झटकायची, सतरंजी झटकतात तशी. त्यांच्या डाव्या भुवईला मधोमध एक चीर होती, तिथे केस उगवत नसत. तिची गोष्ट मी आणि मिलिंददादाने इतक्यांदा ऐकली होती की आम्ही ती त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो. मागावर उभा-आडवा धागा विणताना मधून जो लाकडी धोटा धावतो, त्याची दोन्ही टोकं लोखंडाची, अणकुचीदार. एकदा तो रस्ता सोडून उडाला आणि सरळ बाबांच्या तोंडावर आला. "भुवईवर निभावलं," बाबा म्हणायचे आणि चिरेवर बोट ठेवायचे. "बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता." आम्ही कारखान्यात पाय ठेवू नये म्हणून ही गोष्ट सांगितली जायची, आणि आम्ही कधी ठेवला नाही.

डोकेदुखी वाढली तेव्हा आई मला कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला वाटलं चष्मा लागेल. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, दोन्ही डोळ्यांची. बिघाड आहे तो दोघांच्या जमण्यात. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळायला हवेत, ते माझे वळत नव्हते, लवकर थकत होते. "दोन बैल आहेत, दोन्ही तगडे, पण एका जुवाला चालत नाहीत," असं त्यांनी आईला सांगितलं, आणि आईला ते लगेच कळलं.

त्यांच्याकडे डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मागच्या छोट्या खोलीत बसायच्या. केसांचा घट्ट आंबाडा, बोलणं हळू. एवढं हळू की पहिल्या दिवशी मला त्यांचं अर्धं ऐकूच आलं नाही. त्यांनी मला पेन्सिलचा व्यायाम दिला. पेन्सिल हातभर लांब धरायची, टोकाकडे बघत बघत ती नाकाजवळ आणायची, आणि ती दोन दिसायला लागली की थांबायचं, पुन्हा एक करायचा प्रयत्न करायचा. ऐकायला पोरखेळ. करायला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

घरी हा व्यायाम माझ्यापेक्षा बाबांनी जास्त मनावर घेतला. ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की म्हणायचे, "चल सुजा, पेन्सिल काढ." माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. मला धीर यावा म्हणून स्वतःही एक पेन्सिल घ्यायचे आणि माझ्याबरोबर नाकापर्यंत आणायचे. खातूनखाला दारातून डोकावून हसायच्या. "भाईसाब, बेटी का इलाज है के बाप का?" बाबा म्हणायचे, "कंपनी दे रहा हूँ, खाला." आणि पुन्हा पेन्सिल लांब न्यायचे.

पेन्सिल जमायला लागली तेव्हा बाईंनी पुढचा धडा दिला. "जवळ आणायला शिकलीस. आता सैल सोडायला शिक." त्यांनी ठिपक्यांनी भरलेला एक कागद दाखवला. नुसते ठिपके, रांगोळीच्या पाटीत कोणीतरी हात फिरवल्यासारखे. म्हणाल्या, याच्या आत चित्र आहे. कागदाकडे बघायचं नाही, कागदाच्या पलीकडे बघायचं. त्या दिवसांत अशी चित्रं सगळीकडे आली होती, रस्त्यावर विकायला, कॅलेंडरवर, वह्यांच्या पुट्ठ्यांवर. दादाने स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवरून एक मोठं आणलं, निळ्या-जांभळ्या नक्षीचं. ते आम्ही भिंतीवर लावलं. त्या भिंतीला खिळा राहायचा नाही, मागांच्या हादऱ्याने सैल व्हायचा, म्हणून बाबांनी वरची पट्टी चार ठिकाणी ठोकली.

मग घराला वेडच लागलं. संध्याकाळी जो तो त्या चित्रासमोर उभा. नाक टेकवायचं आणि हळूहळू मागे यायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. आमची खोली एवढीशी, मागे येता येता दादा एकदा आईच्या पिठाच्या परातीत बसला. सगळ्यांच्या आधी चित्र दिसलं ते खातूनखालांना. त्या साखर मागायला आल्या होत्या. सहज बघत उभ्या राहिल्या आणि एकदम ओढणी तोंडावर धरली. "या अल्ला! ये तो मछली है! बाहर आ रही है!" त्यांनी हात पुढे केला, माशाला धरायला. दुसऱ्या दिवशी दादाला दिसला, मग आईला. आई भाकरीचा हात तसाच ठेवून किती वेळ बघत होती. म्हणाली, "पापलेट नाही हा. कुठला आहे कोण जाणे."

मला काही दिसेना. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं तिलाच दिसेना. मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, "दिसेल गं. डोळ्याला घाई चालत नाही."

दिसलं ते एका शुक्रवारी दुपारी. माग बंद होते. जेवून मी भिंतीला टेकून बसले होते, काही करायचं म्हणून बघत नव्हते. नक्षी आधी धूसर झाली, दोन झाली, आणि ते दोन थर एकमेकांवर सरकता सरकता खटकन एका जागी बसले. भिंत आत गेली. खरंच आत गेली, कोनाडा असावा तशी. आणि त्या पोकळीत, कुठल्याही तारेला टांगलेला नसताना, एक मासा तरंगत होता. त्याचं शेपूट मागे होतं आणि तोंड माझ्याकडे. श्वास जोरात घेतला तर तो पळेल असं वाटून मी श्वास रोखला. पुढे आयुष्यात मी मोठमोठी ठिकाणं पाहिली, समुद्र पाहिले, बर्फाचे डोंगर पाहिले. पण आधी नव्हतं आणि आता आहे, असं काही मी त्यानंतर फक्त माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी पाहिलं.

"दिसला!" मी ओरडले. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. त्याच चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हां. दिसला. मोठा आहे." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

याच दिवसांत टेम्पोचं निघालं. कोन गावचे शिवरामकाका पूर्वी बाबांबरोबर कारखान्यात होते. नंतर त्यांनी टेम्पो घेतला होता आणि कापडाचे तागे मुंबईला पोचवायचे. आता त्यांना घरच्या वीटभट्टीकडे बघायचं होतं, आणि टेम्पो विश्वासाच्या माणसाच्या हातात द्यायचा होता. "कासिनाथ, तूच घे चालवायला," ते बाबांना म्हणाले. "त्या खडखडाटात तुझं कान गेलं. अजून काय काय घालवनार हायेस?"

बाबांना हे इतकं आवडलं की त्या रात्री ते जेवताना एकटेच हसत होते. लहानपणापासून त्यांनी चार भिंती आणि ट्यूबलाइट पाहिली होती. आईला सांगत होते, "पूल ओलांडायचा, खाडी बघायची, ठाणं मागे टाकायचं. दुपारी झाडाखाली डबा खायचा. माणसासारखं."

शुक्रवारी शिवरामकाका त्यांना शिकवायला पूर्णा गावापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर नेत. आता तिथे नजर पोचेल तिथपर्यंत गोदामं आहेत, मोठमोठे कंटेनर वळायला जागा शोधत असतात. तेव्हा भातकापणीनंतर नुसती शेतं असायची आणि मधून बैलगाडीची वाट. मी आणि दादा मागे हौद्यात बसून जायचो. बाबा गिअर टाकत, टेम्पो बेडकासारखा उड्या मारी, शिवरामकाका ओरडत, "पाय हलका, पाय हलका! ही लूम न्हाय!"

इकडे बाईंनी मला नवा कागद दिला होता, पुन्हा काळे ठिपके. तो घेऊन मी घरी आले तेव्हा बाबा एकटेच होते. आत काय आहे ते मी अजून पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, नाकाजवळ नेला, लांब केला. "वा. हा पण मासा," म्हणाले. मी नंतर पाहिलं तर ती किटली होती. तोटी, कान, झाकण, सगळं स्पष्ट. मला हसू आलं. वाटलं, बाबांनी घाईत बघितलं असेल.

पुढच्याच शुक्रवारी टेम्पो विटांच्या थप्पीवर गेला. वेग फार नव्हता. शिवरामकाकांनी थप्पीच्या बरंच अलीकडे थांबायला सांगितलं होतं, आणि बाबा थांबवतच होते, शांतपणे, अजून पुष्कळ जागा असल्यासारखे. मग आवाज झाला. दिवा फुटला, विटा बॉनेटवर आल्या, शिवरामकाकांच्या कपाळाला टेंगूळ आलं. आम्ही दोघं हौद्यात एकमेकांवर पडलो. कोणाला फार लागलं नाही. पण त्या थप्पीच्या आडोशाला थोड्या वेळापूर्वी दोन बायका भाकरी खात बसल्या होत्या, त्यांचं फडकं अजून तिथेच पडलं होतं. बाबा खाली उतरले आणि त्या फडक्याकडे बघत उभे राहिले.

"ब्रेक लागला नाही," ते म्हणाले.

शिवरामकाकांनी पेडल दाबून पाहिलं. ब्रेक लागत होता. पण ते मित्र होते, वाकून विटा बाजूला करायला लागले.

मी पुन्हा कल्याणला गेले तेव्हा माझं काम जवळजवळ संपलं होतं. पुस्तकाची चार पानं सलग वाचता येत होती. बाईंना आनंद झाला होता. मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं, घरात सगळे कसे वेडे झालेत, आणि बाबांना किटलीतही मासाच दिसला.

बाई हसल्या नाहीत. "आधीचा मासा त्यांनी स्वतः ओळखला होता, की बाकीच्यांनी सांगितल्यावर?"

मी आठवून म्हणाले, "सांगितल्यावर."

"वडिलांचे डोळे कधी तपासलेत?"

मग त्यांनी त्यांच्या हळू आवाजात समजावलं. त्या चित्रातला मासा कागदावर नसतोच. उजवा डोळा थोडं वेगळं बघतो, डावा थोडं वेगळं, आणि त्या दोन्हींतून मेंदू तो मासा उभा करतो. काहींना जमायला वेळ लागतो, काहींना मला होता तसा दोष असतो. पण ज्याचा एक डोळा कामच करत नाही, त्याला तो कधीच दिसत नाही. कितीही बघितलं तरी. आणि अशा माणसाला, विशेषतः हळूहळू जवळ येणाऱ्या गोष्टीचं, अंतर चुकू शकतं.

एसटीत खिडकीशी बसून मी घरी येत होते, आणि एकेक गोष्ट माझ्यासमोर येत होती. बाबा चहा ओततात तेव्हा किटलीची तोटी आधी कपाच्या कडेला टेकवतात, कप किणकिणतो. जिना उतरताना पहिली पायरी पायाने चाचपतात. पंगतीत नेहमी डावीकडची भिंत धरून बसतात. हे सगळं मी जन्मापासून पाहत आले होते आणि मला वाटत होतं, बाबा असेच आहेत. जसं मला वाटायचं की अक्षरं दोनच असतात.

मला भीती वाटत होती. आईला सांगावं की दादाला, कळत नव्हतं. टेम्पोचा परवाना पुढच्याच महिन्यात काढायचा ठरला होता. शेवटी शुक्रवारी सकाळी आई बाजारात आणि दादा मित्राकडे गेला तेव्हा मी ओट्यावर बाबांच्या समोर जाऊन बसले. ते सूप घेऊन सुकट निवडत होते.

"बाबा, तुमचा व्यायाम घ्यायचाय. उजवा डोळा झाका."

"आता गं काय? हात बघ माझे, वास मारतायत."

"मी झाकते." मी माझा तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. त्यांच्या पापण्या माझ्या हाताखाली फडफडल्या. दुसरा हात मी त्यांच्यासमोर धरला. "किती बोटं?"

ते जरा थांबले. "तीन."

मी मूठ धरली होती.

त्यांनी माझा तळवा हलकेच बाजूला केला आणि पुन्हा सुकट निवडायला लागले. डोकी एका बाजूला, निवडलेली सुकट एका बाजूला.

"भुवईवर नाही निभावलं," मी म्हणाले.

"नाही." ते वर न बघता म्हणाले. "वरून काही दिसत नाही ना? डोळा चांगला दिसतो. आत काळोख आहे. कडेला थोडा उजेड येतो, बस." मग म्हणाले, "तेव्हा तुझ्या आईशी लग्न ठरलं होतं, म्हणून बोललो नाही. मग नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. मग तुम्ही झालात. मग सांगायचं राहूनच गेलं."

"बाबा, तुम्ही टेम्पो नका चालवू."

तेव्हा ते चिडले. बाबा माझ्यावर चिडल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. सूप बाजूला सारून उभे राहिले. "इतकी वर्षं एका डोळ्यावर मशीन चालवली मी! एक बोट गेलं नाही माझं. आणि तू चार महिने पेन्सिल फिरवून मला शिकवतेस?"

"त्या बायका तिथेच बसल्या होत्या," मी म्हणाले.

ते आत निघून गेले. त्या दिवशी सुकट आईने केली, आणि ती नेहमीसारखी झाली नाही.

पुढचे काही दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत. पेन्सिल निघाली नाही. आई विचारत राहिली, बापलेकीचं काय बिनसलंय, आणि आम्ही दोघं एकाच सुरात म्हणायचो, "कुठे काय?" मी ठरवलं होतं की परवान्याच्या आधी मी आईला सांगणारच. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी बाबांचा थकलेला चेहरा बघून गप्प बसायचे.

बाईंकडे जायची माझी शेवटची तारीख आली. सकाळी मी चपला घालत होते तर बाबा आतून आले. केसांना तेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो ते फक्त बुद्धपौर्णिमेला आणि लग्नाकार्याला घालत. आईला म्हणाले, "मी नेतो आज हिला. सुट्टी घेतलीय."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यात औषध घातलं, बारीक दिवा धरून पुन्हा पुन्हा आत पाहिलं. मग मला आत बोलावलं. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा मार लागला तेव्हाच फाटला होता आणि आता सुकून गेला होता. त्याच वेळी आले असते तर कदाचित काही करता आलं असतं. आता नाही. उजवा मात्र उत्तम आहे, त्याला जपा.

बाबांनी मान हलवली. त्यांना हे सगळं अपेक्षित होतं असं वाटलं. पण बाहेर पडताना ते बाईंच्या छोट्या खोलीच्या दारात थबकले. बाई कागद आवरत होत्या.

"मॅडम, एक विचारू का?" बाबा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हिला जो व्यायाम दिला ना तुम्ही, तो मी पण करतोय. पहिल्या दिवसापासून. हिच्याबरोबर करतो तो वेगळा. कारखान्यात पण करतो, जेवणाच्या सुट्टीत. पेन्सिलचा. अजून थोडे दिवस जास्त केला तर... काही फरक पडेल का?"

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. खातूनखाला चेष्टा करत होत्या तेव्हाही ते व्यायामच करत होते. मला कंपनी देत नव्हते. एका बाजूने मी माझी पेन्सिल नाकाशी आणत होते आणि समोर बसून माझा बाप त्याचा गेलेला डोळा बोलावत होता.

बाई खुर्चीतून उठल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "व्यायाम दोन डोळ्यांची जोडी जमवतो. गेलेला डोळा आणत नाही." मग म्हणाल्या, "पण तुम्ही समोर बसलात म्हणून हिचं इतक्या लवकर झालं. मुलं मधेच सोडून देतात."

"मग फुकट नाही गेला," बाबा म्हणाले.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं आणि औषधामुळे त्यांना ते सहन होत नव्हतं. त्यांनी माझा खांदा धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी रस्ता ओलांडताना मला धरलं. आम्ही रसवंतीत बसलो. उसाचा रस पिता पिता त्यांनी विचारलं, "तो मासा नक्की कसा दिसतो गं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. भिंत आत जाते. मासा मधे तरंगतो. त्याच्या मागे जागा असते.

"मागे जागा असते," ते म्हणाले. "मार लागायच्या आधी मला पण दिसत असेल असं. सगळंच. पण तेव्हा कोण लक्ष देतं?"

संध्याकाळी त्यांनी आईला स्वतःच सांगितलं, आमच्या दोघांच्या समोर. आई कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. आधी ती रडेल असं वाटलं, पण ती भडकली. "म्हणजे इतकी वर्षं मी त्या बाजूने खुणा करत होते, पाहुण्यांसमोर डोळे मोठे करत होते, आणि तुम्ही ढिम्म! मला वाटायचं, मुद्दाम करतात!" दादा हसायला लागला. आई त्याच्यावरही ओरडली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय लग्न मोडलं असतं?"

बाबा म्हणाले, "नसतं मोडलं?"

आईने विचार केला. खोटं बोलायची पद्धत तिच्याकडे नव्हती. "माझ्या बापाने मोडलं असतं," ती म्हणाली. "बरं झालं नाही सांगितलंत." आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला.

शिवरामकाकांना बाबा स्वतः जाऊन सांगून आले. काका म्हणे एवढंच बोलले, "मला वाटलंच हुतं. ब्रेक चांगला हाय माझा." टेम्पो मिलिंददादा शिकला. त्याला लायसन्स मिळालं, आणि पुढच्या वर्षी बाबांनी माग सोडला. पोराबरोबर माल चढवायला-उतरवायला, बिल्टी म्हणजे मालाची पावती सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले, पुढे शिकले, शिक्षिका झाले. वर्गात एखादं मूल पुस्तक मिटून कपाळ दाबून बसलं की मी त्याला आळशी म्हणत नाही. त्याच्या आईबापांना बोलावते.

दादाची पहिली खेप निघाली तेव्हा बाबांनी हट्टाने सगळ्यांना बरोबर घेतलं. मी आणि आई मागे, कोऱ्या कापडाच्या ताग्यांवर बसलो, खळीचा वास नाकात. बाबा पुढे, दादाच्या शेजारी. मानकोली गेलं, मिठागरं गेली, आणि टेम्पो खाडीच्या पुलावर चढला. भरतीची वेळ होती. रेती काढणाऱ्या होड्या मधोमध उभ्या होत्या, कडेच्या चिखलात बगळे, आणि पाण्यावर सकाळचं ऊन एवढं पसरलेलं की बघवत नव्हतं. केबिनच्या मागच्या जाळीतून मला बाबा दिसत होते. ते पाखरासारखी मान वळवत होते. पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे, कुठलीच बाजू सुटू नये म्हणून.

आईने जाळीला तोंड लावून ओरडून विचारलं, "अहो, नीट दिसतंय ना?"

बाबांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून वाऱ्याने पाणी वाहत होतं.

"एका डोळ्यात मावत नाही गं," ते म्हणाले.